सही करायच्या आधी एवढं वाच

विटा, सोमवार रात्री

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल तू ताटावरून उठून पुण्याची एसटी धरलीस. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर नुसत्या निळ्या खुणा होतात, म्हणून शेवटी वही घेऊन बसलोय. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहेच. तेजाबाच्या धुरानं घसा गेल्यापासून साधं बोललो तरी माणसाला वाटतं भांडतोय. काल मात्र थोडा भांडतही होतो, ते वेगळं.

नर्स म्हणून जर्मनीला जाऊ नको असं मी म्हटलेलं नाही. काल नाही, त्याआधीही नाही. गलाईवाल्याच्या घरात लेकीला बाहेर जाऊ नको म्हणायला तोंड कुठाय? खानापूर, आटपाडी, माण, खटाव, इकडच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं देशभर सोनं-चांदी गाळत बसली आहेत. टेंभू योजनेचं पाणी आत्ता आलं, त्याआधी इथं होतं काय? मिसरूड फुटायच्या आत मी त्रिशूरला भट्टीवर गेलो. मी काल फक्त एवढंच विचारलं की तुझी मूळ सर्टिफिकेटं कुणाकडं आहेत. तू म्हणालीस भरतीच्या एजन्सीकडं, व्हेरिफिकेशनला. किती दिवस झाले, तर म्हणालीस, आप्पा तुम्हाला कळत नाही.

जर्मन मला कळत नाही, खरं आहे. पण दुसऱ्याच्या कपाटात अडकलेला आपला कागद म्हणजे काय ते कळतं. सांगलीतला तो पहिला दवाखाना विसरलीस का? जीएनएमचा नर्सिंग डिप्लोमा झाल्या झाल्या लागलीस, रुजू होताना मार्कशीटा आणि नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन ठेवून घेतलं, म्हणे नियम आहे. सोडायची वेळ आली तेव्हा दोन पगार भरल्याशिवाय फाईल देईनात. पगार तरी केवढा, बारा हजार, आणि त्यात महिन्याला नाईटचा पंधरवडा. मी आणि तुझा मामा त्या काउंटरसमोर उभे होतो आणि आतली बाई म्हणत होती, साहेब मीटिंगमध्ये आहेत. तूच तेव्हा मला सांगितलं होतंस की 2016 साली सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून समिती नेमली होती आणि पन्नास खाटांच्या आतल्या दवाखान्यातसुद्धा नर्सला वीस हजार द्यावेत असं त्या समितीनं म्हटलंय. मी म्हटलं मग देत का नाहीत. तू हसलीस. केरळात नर्सांनी 2017 साली संप केला, मी तिथं होतो, दवाखान्यांच्या दारात पांढऱ्या कपड्यांतल्या पोरी बसलेल्या रोज दिसायच्या. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारला वीस हजारांची अधिसूचना काढावी लागली. आपल्याकडच्या पोरी एकेकट्या काउंटरला उभ्या राहतात. असो, हा विषय नाही.

त्रिशूरला मी राहायचो ती खोली ज्यांची, त्या अम्माच्या दोन्ही मुली नर्स. थोरली कुवेतला, धाकटी जेद्दाहला. थोरलीच्या शिक्षणाला रबराची जमीन गहाण टाकलेली, तिच्या पैशात ती सुटली, मग धाकटीचं शिक्षण, मग घर. घर दर दोन वर्षांनी वाढायचं आणि राहणारी माणसं दोनच. सणाला मी आणि आणखी एक गलाईवाला त्यांच्याकडं जेवायला, कारण केळीच्या पानांवर बसायला कुणी पाहिजे. तू तेव्हा बालवाडीत होतीस. मी अम्माला विचारलं होतं की पोरी कधी येणार. ती म्हणाली, कॉन्ट्रॅक्ट संपलं की. दर वेळी हेच.

2014 च्या जुलैत दुकानातल्या टीव्हीवर सगळे खिळून बसलेले आठवतात. इराकमधल्या तिक्रितला अडकलेल्या 46 नर्सा कोचीच्या विमानतळावर उतरल्या. बहुतेक केरळच्या. गाव युद्धात सापडलेलं, आणि तरी काहीजणींचा जीव परत यायला होत नव्हता, कारण पगार थकलेले आणि डोक्यावर शिक्षणाचं कर्ज. शेठ म्हणाला, वेड्या आहेत का, जीव मोठा की पैसा. मी काही बोललो नाही. शेठच्या वहीत माझ्या नावावर उचल होती. आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिशोब मिटल्याशिवाय भट्टी सोडू शकलो नाही, मिरजेला उतरून घरी पोचलो तोवर दहावा झालेला. तुझ्या आईनं तुला हे कधी सांगितलं नसेल. मला कुणी डांबून ठेवलं नव्हतं, दार उघडंच होतं. वहीतला आकडा तेवढा मिटायचा होता.

म्हणून म्हणतो, कागद.

आता तू म्हणशील जर्मनी म्हणजे आखात नाही. बरोबर. पण मीही थोडी चौकशी केली आहे, तहसीलच्या कोपऱ्यावरच्या सेतूवाल्या पोराला दोन संध्याकाळी बसवून. कोचीत एका एजंटानं कुवेतच्या भरतीत साडेएकोणीस हजारांच्या जागी एकेका मुलीकडून साडेएकोणीस लाख घेतल्याचं प्रकरण सीबीआयकडं गेलं होतं, ते 2015 साल. त्याच वर्षी केंद्रानं नियम केला की ज्या 18 देशांना कामाला जायला सरकारची एमिग्रेशनची, म्हणजे देशाबाहेर जायची, परवानगी लागते तिथल्या नर्सभरतीला खाजगी एजंट चालणार नाही, सरकारी संस्थांतूनच जायचं. पण ते 18 देश म्हणजे कुवेत, सौदी, इराक असले. जर्मनी त्यात नाही. म्हणजे तिथं तू आणि एजंट, मध्ये कोणी नाही. नोंदणी असलेला एजंट तीस हजार आणि वर जीएसटी, एवढंच घेऊ शकतो, आणि त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी साईटवर बघता येतो. तुझ्या एजन्सीचा बघितलास का? बघून मला पाठव. फोटो काढून पाठवलास तरी चालेल.

आणि तूच एकदा म्हणाली होतीस की जर्मन सरकारचा एक शिक्का असतो, भरतीचा खर्च मालकानं करायचा, मुलीकडून घ्यायचा नाही असं ज्या एजन्स्या पाळतात त्यांना मिळतो. तुझ्या एजन्सीला तो आहे का, हे मी विचारणार होतो, तेवढ्यात तू ताटावरून उठलीस. करारात अमुक वर्षांच्या आत सोडलं तर भाषेच्या क्लासचा आणि विमानाचा खर्च परत करायचा असं कलम आहे, असं तुझ्या मैत्रिणीच्या वडलांनी मला सांगितलं. आकडा किती? दर महिन्याला कमी होत जातो की शेवटपर्यंत तेवढाच? जर्मन भाषेतल्या कराराचं इंग्रजी त्यांनीच करून दिलंय की दुसऱ्या कुणी? एवढी तीन उत्तरं मिळाली की मी गप्प बसतो. मूळ कागद अटेस्टेशनला लागतात हे मलाही कळतं. लागतात तेवढे दिवस द्यायचे, पोच घ्यायची आणि परत आणायचे. तिथल्या अर्जाला सत्यप्रत आणि भाषांतर चालतं, हे तुझ्याच क्लासच्या माहितीपत्रकात लिहिलंय, तू ते इथं फ्रिजवर विसरून गेलीस.

परत भाषण झालं. कंटाळली असशील. क्लासमधून येऊन रूमवर वरणभात टाकायचा, मग जर्मन व्याकरणाचं डेर-डी-दास, वर बापाचं पत्र. राग मानू नको.

तुझ्या कामाबद्दल मला शंका नाही, हे एकदा नीट लिहून ठेवतो. गेल्या उन्हाळ्यात आजीला जुलाब होऊन ती पार सुकली. डॉक्टरनं दोन्ही हातांना टोचलं, शीर सापडेना, हात काळेनिळे झाले. तू मिरजेहून आलीस, बॅग खाली ठेवून हात धुतलेस, आजीचा हात कॉटच्या खाली सोडून ठेवलास, गरम पाण्याचा टॉवेल गुंडाळलास आणि तिच्याशी खरसुंडीच्या यात्रेतल्या बैलांच्या किमतीवर बोलत बसलीस. बोलता बोलता अंगठ्याच्या मुळापाशी बोटानं दाबून बघत होतीस. मग एकाच टोच्यात व्हेनफ्लॉन, ती सलाईनची सुई, बसलं, चिकटपट्टी लागली, आणि आजी विचारतेय, अगं कधी टोचणार? डॉक्टर दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही, मी भिंतीकडं बघत होतो, कारण डोळ्यांचं खरं नव्हतं.

आणि हाच हात तिकडं काय करणार, हे मी त्या सेतूवाल्या पोराकडून वाचून घेतलं तेव्हा मला झोप लागली नाही. तुझ्या डिप्लोमाला तिथली मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून काम, मग एक तर ठराविक काळाचं प्रशिक्षण नाहीतर परीक्षा. तेही ठीक आहे. पण शीर टोचणं, रक्त काढणं तिथं पुष्कळ ठिकाणी डॉक्टरच करतात, आणि नर्सनं पेशंटला अंघोळ घालायची, भरवायचं, उठवून बसवायचं. आपल्याकडं हे सगळं नातेवाईक नाहीतर आया करतात. मी अंघोळ घालण्याला कमी समजत नाही, आण्णांना शेवटी तुझ्या आईनंच घातली. पण तुला हे माहीत असून जातेस ना? का तिथं पोचल्यावर कळणार? आणि बाळंतपणं तर सुटलीच. तुझ्या रजिस्ट्रेशनवर नर्स आणि मिडवाईफ दोन्ही लिहिलंय, केसबुक भरायला सिव्हिलच्या लेबर रूममध्ये रात्र-रात्र उभी राहिलीस, पहिलं बाळ हातात आलं तेव्हा पहाटे मला फोन केलास आणि नुसती रडत होतीस. जर्मनीत सुईणीचा धंदा वेगळा, तिला हेबामे म्हणतात, 2020 पासून त्याला पदवी लागते. तिथं डॉक्टर असला तरी बाळंतपणाला सुईण लागतेच असा कायदा आहे म्हणे, एवढा मान. पण तो मान तुझ्या कागदाला नाही. जीएनएममधलं ते शेवटचं अक्षर इथंच ठेवून जायचं.

आत्याच्या गावच्या उपकेंद्राची सिस्टर बदलून गेली तेव्हापासून तिथं कुलूप आहे, हे तू आईला सांगत होतीस. डेअरीवर परवा विषय निघाला. एकजण म्हणाला, पोरी शिकवायच्या आपण आणि न्यायच्या गोऱ्यांनी. मी म्हटलं, तुम्ही कुठल्या पोरीला बारा हजारांच्या वर पगार दिलाय ते सांगा. गप्प बसला. जगात 2023 साली 58 लाख नर्सांची तूट होती, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, तुझ्याच मोबाईलवर वाचलेला, मी तोही ठोकून दिला. त्या बाबतीत मी तुझ्या बाजूनं भांडतो, घरातच तेवढं जमत नाही.

मिरजेला वॉनलेस साहेबांनी मिशनचा दवाखाना काढला आणि 1897 साली नर्सिंगची शाळा. पणजीला तिथल्या सिस्टरनं पाणी पाजलं म्हणून तिची सासू तिला चुलीपाशी येऊ देईना, ही गोष्ट आजी अजून सांगते. आता त्याच घरातली पोर सिस्टर आहे आणि आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझा टोपीतला फोटो दाखवते.

पैशाचं सांगतो. बँकेचा हप्ता मी बघतोय, डाळिंबाचे पैसे आले की उरलेलं एकदम भरणार आहे. कर्ज फेडायचं म्हणून तू जातेस असं होऊ नये. तुला जायचंय म्हणून जा. कागद तुझ्यापाशी असले आणि करारातला आकडा आपल्याला झेपणारा असला, तर सहा महिन्यांनी तिथलं काही पटलं नाही तर तू नुसतं तिकीट काढायचंस. कुणाला विचारायचं नाही, मलाही नाही. आणि पटलं, तर राहा. राहशील असं मला वाटतं. आई म्हणते पोर दोन वर्षांनी येईल, मी हो म्हणतो.

गुरुवारी मी पुण्याला येतोय. रागावली असलीस तरी येतोय. एजन्सीच्या ऑफिसात तू पुढं हो, मी मागं बसेन, तोंड उघडणार नाही. फाईल मागायची, कागद मोजून घ्यायचे: दहावी, बारावी, तिन्ही वर्षांच्या मार्कशीटा, डिप्लोमा, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, अनुभवाचे दाखले. द्यायला टाळाटाळ केली तर सही करायची नाही. टाळाटाळ केली नाही तर माझं म्हणणं चुकीचं होतं असं समज आणि बाहेर येऊन मला चहा पाज.

आईला आज रात्री फोन कर. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तुझा,
आप्पा

ता.क. बॅगेत किलो किती चालतं ते कळव. मिरच्या वाळवून ठेवल्या आहेत, चटणी डंकावर न्यायची आहे, आई म्हणते पाच किलो, मी म्हणतो दोन.