दुसरी सीडी

सांगली
बुधवार, रात्री साडेअकरा

प्रिय दिग्या,

तुझे तीन फोन येऊन गेले, एकही उचलला नाही. रागावला असशील तर रागाव, पण हे फोनवर बोलणं मला जमलं नसतं. गल्ल्यावर बसून बोलावं तर दहा कान टवकारलेले, घरी बोलावं तर आई पलीकडच्या खोलीत जागी. म्हणून लिहितोय. आईचा गुडघा होता तसाच आहे, माझी शुगर ठीक, बाकी सगळे बरे.

नंदूला मालिकेत काम मिळालंय.

दोन वाक्यांचं नाही. नायकाचा काका, रोजचं काम. गेल्या वर्षी राज्य नाट्यमध्ये त्यानं तो म्हातारा केला होता ना, तो कुणीतरी लक्षात ठेवला. ऑडिशनला दोनदा मुंबईला जाऊन आला आणि मला सांगून गेला, 'दादा, मसाला बघायला जातोय.' मसाला! हळद आपल्या सांगलीची जगभर जाते आणि हा मसाला बघायला दादरला निघालाय. मला तेव्हाच कळायला हवं होतं. सातवीत कैऱ्या चोरल्या तेव्हासुद्धा सरांनी विचारायच्या आधी यानंच खिसे उलटे केले होते, आणि मार तू नि मी खाल्ला होता.

शूटिंग ठाण्याला, घोडबंदरच्या बाजूला. महिन्यातले वीस-बावीस दिवस तिकडेच राहायचं. रविवारपर्यंत हो का नाही ते कळवायचंय. हे त्यानं मला काल सकाळी सांगितलं, वड्यांचा पहिला घाणा काढताना, झाऱ्याकडे बघत. आणि वर म्हणाला, "तू नको म्हणालास तर नाही जाणार, दादा."

त्या क्षणी मला काय आठवलं असेल सांग. तुझी होस्टेलची खोली, तो खडखडणारा कॉम्प्युटर आणि दोन सीड्यांतला तो पिक्चर. 'स्टक ऑन यू'.

काल रात्री दुकान धुऊन झाल्यावर फोनवर पुन्हा बघितला. अख्खा. वीस वर्षांनी. मॅट डेमनचा बॉब आणि ग्रेग किनिअरचा वॉल्ट, कमरेपाशी जोडलेले जुळे भाऊ, मार्थाज व्हिनयार्ड बेटावर बर्गरचं दुकान चालवणारे. तेव्हा आपण नुसते खिदळत होतो. काल पहिल्याच प्रसंगाला माझा घास अडकला. घड्याळाशी पैज लावून दोघं ऑर्डर काढतात, चार हात एकाच माणसाचे असल्यासारखे. अरे, हे तर आमचं दुकान! मी वाटीत उसळ घालतो, हात डावीकडे जातो, तिथं नंदूचा हात असतोच. वाटी त्याच्याकडे, फरसाण, कांदा, वर कट, आणि त्याच्या उजव्या हातातून पावाची प्लेट टेबलाकडे. एकमेकांकडे बघावं लागत नाही. आप्पा गेल्यापासून अठरा वर्षं रोज सकाळी साडेसहा ते अकरा. गिऱ्हाईक आम्हाला जोडगोळी म्हणतं, आणि बाहेरगावचं कुणी आलं की हमखास विचारतं, जुळे का? चौदा महिन्यांचं अंतर आहे म्हटलं तर पटत नाही.

बरं, वॉल्टचं एकपात्री आठवतं तुला? एकपात्री प्रयोग आणि स्टेजवर दोन माणसं! वॉल्ट रंगात आलेला आणि शेजारी बॉब बिचारा घामानं निथळतोय, कारण लोकांसमोर उभं राहिलं की त्याची छाती धडधडते. आपण तेव्हा गादीवरून खाली पडलो होतो हसून. काल मी हसलोच, पण मला भावे नाट्यमंदिराची विंगही दिसली. नंदूच्या प्रत्येक प्रयोगाला मी तिथं उभा असतो, हातात नॅपकीन आणि पाण्याची बाटली घेऊन. त्याची वाक्यं मला पाठ असतात. तो एखाद्या जागी श्वास घ्यायला थांबला तरी माझ्या पोटात गोळा येतो. टाळ्या पडल्या की मग मी श्वास घेतो. ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' केलं, त्या गावात पोराला नाटकाचं वेड लागलं तर त्यात त्याचा काय दोष? आप्पा म्हणायचे, हे पाण्यातच आहे कृष्णेच्या. म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला त्याला उठवून कांदे चिरायला बसवायचे.

आता आपलं भांडण. तू ते विसरला असशील असं मला अजिबात वाटत नाही.

दुसरी सीडी दोघांना वेगळं करायच्या ऑपरेशनच्या आधीच अडकली होती. पुसून बघितली, फुंकून बघितली, तू तर ती शर्टावर घासलीस आणि उरलीसुरली घालवलीस. नवी मिळेपर्यंत आठ दिवस आपण भांडत होतो. तुझं म्हणणं, कापा आणि मोकळे करा, एकाला नट व्हायचंय आणि दुसऱ्यानं त्याच्या कमरेला लटकून जन्म का काढायचा? माझं म्हणणं, जे देवानं जोडलंय त्याला सुरी लावायची नाही. दोन किलो भडंगाची पैज. आणि शेवट बघितला तर ऑपरेशनही होतं, दोघं वेगळेही होतात, आणि मग एकट्याला धड चालता येईना, करमेना, म्हणून वॉल्ट बेटावर परत येतो आणि दोघं वेल्क्रो लावून पुन्हा चिकटतात! तू उशी फेकून मारलीस स्क्रीनला. "हा काय शेवट झाला?" मी म्हणालो मी जिंकलो, तू म्हणालास तू. भडंग कुणीच दिलं नाही.

काल मला वेगळीच गोष्ट दिसली. लिव्हर एकच आहे, आणि ते जवळजवळ सगळं बॉबच्या बाजूला आहे. म्हणून वॉल्ट आधी म्हातारा दिसायला लागलाय. ऑपरेशनचा खरा धोका वॉल्टला, बॉबला नाही. वीस वर्षांपूर्वी हे आपल्या डोक्यावरून गेलं होतं. रात्रभर मी तेच घोळवत पडलो. आमच्यात लिव्हर कुणाकडे आहे? दुकान आप्पांच्या माघारी माझ्या नावावर. हिशेब माझ्याकडे, उधारी माझ्याकडे, बँक माझ्याकडे. तो कमरेला ते पाऊच बांधून टेबलाटेबलावर सुटे पैसे देत फिरतो. वरवर बघितलं तर लिव्हर माझ्याकडेच. पण महापुरात, 2019 ला, दुकानात पाणी भरलं तेव्हा मी पायरीवर नुसता बसून राहिलो होतो, तू बघितलंयस. चिखल उपसायला सुरुवात कुणी केली? भट्टी पुन्हा कुणी लावली? 'दादा, उद्या वडे तरी करू' असं कोण म्हणालं?

म्हणून मला भीती कशाची वाटते ते सांगतो. पैशाची नाही. माणूस ठेवता येईल, शिवा आता कट छान घालतो. (त्या पिक्चरमधला रॉकेट नावाचा वेटर आठवतो? तो खऱ्या आयुष्यात दिग्दर्शकांचा मित्र आहे, आणि शेवटी नावं येताना त्याचं भाषण आहे, शेवटच्या दिवशी सगळ्यांचे आभार मानताना त्याला रडू येतं. ती नावं आपण तेव्हा बघितलीच नव्हती, तू उशी फेकलीस ना. शिवाला मी तेवढा तुकडा दाखवला. तो आज दिवसभर छाती काढून फिरत होता.) भीती ही की मी 'जा' म्हणेन, पण माझ्या चेहऱ्यावर 'नको' असेल, आणि ते त्याला दिसेल. त्याला दिसतंच. आणि तो राहील. राहील आणि काही म्हणणार नाही. आप्पा असेच राहिले होते ना काकांसाठी, तुला सगळं माहीत आहे.

बॉब एकदाही 'जाऊ नकोस' म्हणत नाही, हे लक्षात आलं होतं का तुझ्या? त्याला काही नकोय त्या हॉलिवूडमधलं. त्याला बेट बरं, दुकान बरं. तरी भावासाठी जातो, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर राहायची धडपड करतो, ती गायिका-नटी शेर आपल्या सोयीसाठी त्यांना वापरते तेही सोसतो. मी ठाण्याला जाऊन चौकटीबाहेर उभा राहू शकत नाही. मग मी बॉब कसा?

झोप येईना म्हणून खऱ्या सयामी जुळ्यांबद्दल वाचत बसलो. चँग आणि एंग, सयाममधले, 1811 चा जन्म. त्यांच्यावरूनच ते नाव पडलं. अमेरिकेत स्थायिक झाले, उत्तर कॅरोलिनात शेती केली, आणि 1843 मध्ये दोन सख्ख्या बहिणींशी लग्न. 1843, दिग्या! इकडे सांगलीत सीतेचं स्वयंवर आणि तिकडे या दोघांचं. दोघांची मिळून 21 मुलं. पुढे दोन घरं केली, तीन दिवस एकाच्या घरी, तीन दिवस दुसऱ्याच्या, आणि ज्याचं घर त्याची मर्जी, दुसऱ्यानं गप्प बसायचं. शेवटपर्यंत पाळलं. 1874 च्या जानेवारीत चँग आधी गेला, काही तासांनी एंग. पहाटे तीनला मी कागद घेऊन नंदूचं वेळापत्रक मांडलं, तीन दिवस ठाणे, तीन दिवस सांगली. सुमानं तो कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि दिवा मालवला.

आणि ते दिग्दर्शक, पीटर आणि बॉबी फॅरेली, ते सख्खे भाऊ. हा पिक्चर दोघांनी मिळून काढला. नंतर पीटरनं एकट्यानं 'ग्रीन बुक' काढला आणि त्याला ऑस्कर मिळालं. पुढे बॉबीनंही एकट्यानं पिक्चर काढला. म्हणजे जोडलेल्या भावांची गोष्ट सांगणारे भाऊसुद्धा आपापल्या वाटेनं काम करून बघतातच. त्यांच्या घरात काय बोलणं झालं असेल, कुणी कुणाला कसं सांगितलं असेल, हे मला आज फार जाणून घ्यावंसं वाटतंय.

आज मी एक केलं. नंदूला उठवलं नाही. साडेचारला एकटाच गेलो, भट्टी पेटवली, कांदा चिरला, उसळ लावली. साडेसहाला पहिलं गिऱ्हाईक. वाटी भरली आणि हात डावीकडे गेला. तिथं कुणी नव्हतं. कट हातावर सांडला. दुसऱ्या वाटीला पुन्हा तेच. मग मी वाटी खाली ठेवायची, फरसाण घालायचं, कट घालायचा, प्लेट उचलायची, असं एकेक करत गेलो. लोक खोळंबले, दोघंजण उठून गेले. पण अकरापर्यंत सगळं संपलं. साडेसातला नंदू धापा टाकत आला होता, दारातच थांबला. काही बोलला नाही. पाऊच कमरेला बांधलं, त्याची ती वेल्क्रोची पट्टी चर्रकन वाजली, आणि मला एकदम तुझी उशी आठवली. मी हसलो. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "पाच नंबरला पाव दे."

तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही. नवीन घराची चावी मिळाली का? वहिनींच्या बदलीचं काय झालं? सईच्या दहावीच्या मार्कांचे पेढे अजून पोचले नाहीत, हे तिला सांग.

शनिवारी रात्री ये. नाशिकहून लांब पडतं, तरी ये. रविवारी सकाळी गर्दी ओसरली की मी त्याला 'जा' म्हणणार आहे, आणि तेव्हा तू त्याच्या बाजूच्या बाकावर बसलेला हवास, म्हणजे त्याला बघायला माझ्या चेहऱ्याशिवाय आणखी एक चेहरा असेल. भडंग मी आणून ठेवतो, दोन किलो. अर्धं तू ने, अर्धं नंदूच्या बॅगेत घालू.

तुझा,
बाळू

ता. क. ती दुसरी सीडी तुझ्याकडेच आहे. पेटीत शोध. चालत नसली तरी घेऊन ये.