बार्शी लाइटचे कॅलथ्रॉप आणि वैमानिकांचे पॅराशूट

महोदय,

पहिल्या महायुद्धातील वैमानिकांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. ब्रिटिश हवाई दलातल्या इंद्रलाल रॉय या अवघ्या १९ वर्षांच्या बंगाली मुलाने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा हवाई विजय मिळवले, हे लेखकाने छान रंगवले आहे. पण ‘मृत्यूला न भिणारे’ हे विशेषण इतक्या वेळा आले की विचारावेसे वाटते, या पोरांना पॅराशूट का दिले नव्हते?

पॅराशूट नव्हतेच, असे नाही. आघाडीवर दोराने बांधलेल्या फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना ते मिळत असे. फुग्याने पेट घेतला की ते उडी टाकत. विमानासाठीही ‘गार्डियन एंजल’ नावाचे एक तयार होते आणि ते बनवणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचे इंजिनिअर! १८९७ साली अडीच फुटी रुळांवर कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू झाली ती याच माणसामुळे. रोल्स-रॉइसमधले चार्ल्स रोल्स हे त्यांचे मित्र. १९१० मध्ये विमान कोसळून ते गेले आणि कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागले.

या पॅराशूटची घडी विमानालाच लावलेल्या डब्यात असे आणि दोरी वैमानिकाच्या अंगावरच्या पट्ट्यांना. उडी मारली की त्याच्याच वजनाने घडी बाहेर ओढली जाई. १९१७ मध्ये लंडनच्या टॉवर ब्रिजवरून एका अधिकाऱ्याने उडी मारून दाखवली. पूल काही फार उंच नाही, तरी ते उघडले. शत्रूच्या मुलखात हेर उतरवायलाही ते वापरले गेले. ब्रिटिशांच्या लढाऊ वैमानिकांच्या वाट्याला मात्र आले नाही. वजन, अपुरी जागा, शेपटीत दोरी अडकण्याची धास्ती, ही कारणे अगदीच खोटी नव्हती. पण पॅराशूट असले की गडी विमान लवकर सोडून देईल, असाही वरच्यांचा संशय होता म्हणतात. खुर्चीत बसून असा संशय घ्यायला काय जाते?

जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना पॅराशूट दिले. २९ जूनला एर्न्स्ट उडेट त्याच्याच जोरावर वाचला. त्याच्या दोनच दिवस आधी मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर डॉल्फिन विमान घेऊन गेले ते परतलेच नाहीत. ३० जूनला जर्मनांच्या कैदेत जखमांनी वारले. पॅराशूट असते तर ते वाचलेच असते, असे मी म्हणणार नाही. पण मराठी वृत्तपत्रातल्या लेखात त्यांचे नावही नसावे, हे खटकले. रॉय २२ जुलैला गेले.

बार्शी लाइटच्या आठवणी आपण अधूनमधून छापता, त्यांत पॅराशूटबद्दल कधी अक्षर नसते. कॅलथ्रॉप यांच्यावर एक स्वतंत्र लेख जरूर द्यावा. रेल्वेचा भाग सांगायला इकडे जुनी मंडळी पुष्कळ आहेत, पॅराशूटचा भाग आपल्या लेखकाने लिहावा.

– एक वाचक, बार्शी