हर्णैच्या मावशींना, सुपासकट आभार

मावशी, नमस्कार.

तुमची नात हे वाचून दाखवेल अशी आशा आहे. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण किनाऱ्यावर शिंपले वेचणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती. पावसाळ्यात समुद्राने फेकलेलं सगळं मी मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावरून आधाशासारखं भरून आणलं होतं. शिंपले, खुबे, समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड), घासून गुळगुळीत झालेल्या काचा, तुटक्या जाळ्यांचे निळे-हिरवे दोर. भिंतीवरच्या चित्रासाठी रंगांप्रमाणे ढीग लावत बंदरावर बसले होते आणि काही केल्या जमत नव्हतं.

तुम्ही सुकट बाजूला सारलीत, जवळा पाखडायचं सूप घेतलंत आणि बारीक शिंपले त्यात ओतलेत. चार झटक्यांत पातळ तुकडे पुढे आले, जाड मागे राहिले. "आता बघ," एवढंच म्हणालात. माझ्या चित्राचं कोडं तिथे सुटलं, मावशी! लाटांचा फेस पातळ तुकड्यांचा, खडक जाड कालवांचा. रंगांची चिंता मग उरलीच नाही.

एक शंख मात्र तुम्ही पालथा ठेवलात आणि मला थांबायला लावलंत. थोड्या वेळाने त्यातून खेकड्याचे पाय बाहेर आले. "घरात माणूस हाय, बाय." माझ्या पिशव्यांत असे ११ निघाले. आपण ते पाण्याच्या कडेला सोडून आलो. आदल्या वर्षी घरी नेलेल्या शंखांना वास का सुटला होता, ते मला तेव्हा कळलं. अजून वाईट वाटतं.

शिंपल्यांवरचे डांबराचे डाग खोबरेलाने काढायचे, हेही तुमचंच. मी व्हिनेगर वापरून कितीतरी शिंपल्यांची चकाकी घालवली होती. "शिंपल्याचा तर चुना करतात, आंबट लावशील तर खाणारच," म्हणालात. आता फक्त गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुते आणि सावलीत वाळवते. मीठ राहिलं तर डिंक धरत नाही.

पोवळी आणि समुद्रपंखे (पंख्यासारखी पसरलेली पोवळी) मी उचलत नाही. गोव्याच्या जुन्या खिडक्यांत काचेऐवजी बसवत ते चपटे शिंपलेही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) त्यांना हात लावायचा नाही.

चित्र पूर्ण झालंय. दिवाळीनंतर दाखवायला येते. तुम्ही दिलेलं सूपही आणते. त्याची एक कड उसवली होती, ती बुरडाकडून बांधून घेतली आहे.