आबा, त्या रात्रीच्या तीन फोनांबद्दल

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चारचौघांसमोर लिहितेय, कारण समोरासमोर तुम्ही आभार मानूच देत नाही. "आबा, तुमचे फार..." एवढं तोंडातून निघायच्या आत "सांगलीत पाऊस हाय का?" असं विचारून मोकळे होता. आता कागदाला पाऊस विचारून दाखवा.

वाचणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होते. सिल्व्हर नायट्रेटच्या बाटल्या भरता भरता नोकरीभर बोटांची टोकं काळीच राहिली. आई गेल्यावर तिचा पितळी डबा माझ्या हाती आला. त्यात एक तुटका तोडा, माझे नि भावाचे वाळे, पाय मोडलेलं निरांजन, करदोड्याचे तुकडे, जोडव्यांची चवड आणि सहा जुने रुपये. ठरलं असं की मोडून जे येईल ते भावात नि माझ्यात निम्मं निम्मं. पहिल्या दुकानात टंच साठ सांगितला, म्हणजे शंभरात साठ भाग चांदी. दुसऱ्यात अडुसष्ट. तिसऱ्यात बहात्तर. डबा एकच, दुपारही एकच. घरी आल्यावर वहिनीनं साधाच प्रश्न विचारला, "मग नक्की किती म्हणायची हो?" आणि तो मला झोंबला. आईची चांदी नक्की किती, हे आता आपणच काढायचं, असं मी त्या रात्री ठरवलं. विद्युत अपघटनाचा, म्हणजे द्रावणातून वीज सोडून धातू वेगळा करायचा, प्रयोग दरवर्षी मांडून देणारी बाई मी. स्टीलच्या पातेल्यात हे जमू नये?

नाही जमलं. का, ते तुम्हाला ठाऊक आहे, पण मला ते एकदा जाहीर बोलायचंच आहे.

घरी चांदी शुद्ध करायला शिकवणाऱ्या एका गृहस्थांचा एक दिवसाचा वर्ग केला. फी साडेतीन हजार, वर झेरॉक्स केलेली आठ पानं. त्यात लिहिलेलं, "फिल्टरचं पाणी चालतं." चांदी विरघळवलेल्या द्रावणात ते पाणी पडलं मात्र, सगळं ताकासारखं पांढरं झालं. नळाच्या पाण्यातल्या क्लोराइडनं चांदीचा साका, म्हणजे पांढरा गाळ, बसला. याच साक्यावरून मी पोरांना क्लोराइड ओळखायला लावत आले, आणि पैसे देऊन घेतलेल्या कागदावर विश्वास ठेवून ते विसरले. भाचा इंजिनिअर. त्यानं बारा व्होल्टचा अडॅप्टर आणून दिला, "मावशी, जास्त व्होल्ट म्हणजे लवकर काम." लवकर झालंच. तासाभरात चांदीचे काटे पातेल्यातून वर वाढत थेट चांदी ठेवलेल्या परडीला भिडले, ठिणगी उडाली नि अडॅप्टर गेला. आणि ॲसिड विकणारा? सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली निर्बंध घातल्यापासून विकत घेणाऱ्याचं नाव, पत्ता, ओळखपत्र नोंदवून घ्यायचं असतं. मला नायट्रिक ॲसिड पाण्याच्या जुन्या बाटलीत मिळालं, वर "पिशवी हवी का?" एवढीच चौकशी.

गल्लीतल्या सोनाराकडून आटणी करून, म्हणजे वितळवून, घेतलेली कांडी पुन्हा पातेल्यात विजेला लावली, तर दुसऱ्याच दिवशी द्रावण मोरपंखी निळं आणि खाली पडलेल्या चांदीला गुलाबी झाक. वर्गवाल्यांना फोन केला. म्हणाले, "थोडं इकडंतिकडं होतं." म्हणून मी नवं द्रावण करायला घेतलं, चांदीचे तुकडे नायट्रिकमध्ये. बाहेर धो धो पाऊस, गॅलरीचं दार बंद. कॉलेजात हे काम धूर ओढणाऱ्या कपाटात व्हायचं. घरी येताना अक्कल त्या कपाटातच राहिली असावी. विटकरी रंगाचा धूर पातेल्यावरून उतरून ओट्यावर पसरला. मी दार उघडलं, खोकले, चहा केला. बरं वाटलं. वर्गवाल्यांना हेही सांगितलं तर म्हणाले, "त्याची सवय होते, मॅडम."

त्या संध्याकाळी आमच्या शिपाईमामांनी तुमचा नंबर दिला. "आमचे व्याही विट्याकडचे, चाळीस वर्षं कोइमतूरला गलाईत होते, विचारून बघा." गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. मी फोन लावला तो गुलाबी चांदीसाठी. बोलता बोलता धुराचं ओझरतं सांगून गेले, आणि पलीकडं एकदम शांतता. मग तुम्ही म्हणालात, "ताई, चांदी ऱ्हाऊ द्या. धूर किती येळ नाकात गेला?"

मी हसले. आता बरी आहे म्हटलं. तुम्ही म्हणालात, "आत्ता बरंच वाटतंय. रातीचं बगायचं." कोइमतूरच्या दुकानात सोळा वर्षांचा एक पोरगा असाच धूर खाऊन हसत जेवला, झोपला आणि पहाटे उठलाच नाही, हे तुम्ही मला तेव्हा सांगितलं नाहीत. खूप नंतर, भाकरी मोडता मोडता सांगितलंत. त्या रात्री फक्त एवढंच म्हणालात, की एकटं झोपू नका, शेजारणीला बोलवा, आणि मी फोन करीन तो उचला.

अकराला तुमचा फोन आला. "दम लागतोय का? जिन्यावर चारदा चढ-उतर करून सांगा." मी चढले-उतरले. ठीक होते. दोन वाजता पुन्हा वाजला, तेव्हा मी जागीच होते. छातीत घरघर होती आणि मी ती पावसाळी सर्दीवर ढकलत होते. तुम्ही माझा आवाज ऐकलात आणि म्हणालात, "शेजारणीला द्या फोन." तिला काय सांगितलंत ते मला अजून कळलेलं नाही. पंधरा मिनिटांत तिच्या मुलानं रिक्षा दारात उभी केली. पहाटे पाचला तिसरा फोन आला, तेव्हा मला ऑक्सिजन लावला होता आणि डॉक्टर सांगत होते, की हा धूर फसवा असतो. घशात थोडं चुरचुरतं, मग तासन्‌तास काही नाही, आणि मग फुफ्फुसात पाणी धरतं. सकाळपर्यंत घरी पडून राहायला नको होतं, म्हणाले.

आबा, आपली तोवर भेटही झाली नव्हती. माझं आडनावसुद्धा तुम्हाला धड माहीत नव्हतं. सूनबाईंनी मला पुढं सांगितलं, की त्या रात्री तुम्ही सोप्यात घोंगडं टाकून फोन मांडीवर घेऊन बसला होता. गजर लावता येत नाही म्हणून झोपलाच नाहीत.

हे दोन वाजताचं जागणं माझ्या डोक्यातून जात नाही. माहिती देणारे मला ढिगानं भेटले, पैसे घेऊन नि फुकटही. माहिती दिल्यावर माणूस जागेवर आहे का, हे बघायला मागं फिरलेले तुम्ही एकटे. आमच्या कॉलेजात एक विभागप्रमुख होत्या, आता नाहीत. त्या रोज संध्याकाळी निघताना गॅसची कळ स्वतः बघायच्या, पण त्याआधी "सगळी पोरं गेली ना गं?" विचारायच्या. कळ आधी बघणारे खूप पाहिले. अशी माणसं शहाणपण पाजळत नाहीत, त्यामुळे त्यांची मोजदाद होत नाही, आणि मग आपण म्हणतो जगात कुणी राहिलं नाही.

आठवड्यानं तुम्ही एसटीनं आलात. पांढरा लेंगा, टोपी, हातात कापडी पिशवी. घरात पाऊल टाकल्यावर चपला काढायच्या आधी तुम्ही गॅलरीचं दार उघडलंत. मग निळ्या द्रावणाकडं एकदा बघून विचारलंत, "यात राजाचं रुपये टाकलं का?"

मी थक्क. पाच टाकले होते! तुम्ही पिशवीतून चष्मा काढलात, डब्यात उरलेला सहावा हातात घेतलात, टिचकी मारून ऐकलात, आणि समजावून सांगितलंत. राणीछाप रुपया म्हणजे शंभरात जवळजवळ ९२ चांदी. पण लढाईच्या काळात, १९४० पासून, राजाच्या रुपयात निम्मीच चांदी उरली. ४० भाग तांबं, बाकी निकेल नि जस्त. त्यात दागिन्यांचा डाख, म्हणजे सांधे जोडायचा धातू, वेगळा. असली कांडी सेलला, म्हणजे वीज सोडलेल्या त्या पातेल्यातल्या द्रावणाला, लावली की तांबं सुटून पाण्यात उतरतं आणि पाण्यातली चांदी खाली ढकलतं. चांदी संपत आली की मग तांबंही तिच्या मागून बसायला लागतं. तीच ती गुलाबी झाक. मी कागदावर आकडे मांडले: एक ग्रॅम तांबं सुटलं की द्रावणातली ३.४ ग्रॅम चांदी जाते. तुम्ही कागदाकडं न बघताच म्हणालात, "तिपटीच्या वर." चाळीस वर्षांत तुम्ही हे हातानं मोजलं होतंत.

काम कसं केलं ते इथं लिहीत नाही. कुणी हे वाचून बंद स्वयंपाकघरात ॲसिड ओतायला बसायला नको. दोन टप्पे लागले, एवढंच: आधी तांब्यावर चांदी उतरवून घेतली, ती आटवून कांडी केली, मग सेल. व्होल्ट तुम्ही तीनच्या वर जाऊ दिला नाहीत. अँपिअरमागं तासाला चार ग्रॅम चांदी बसते हे मी पोरांना फळ्यावर सांगितलेलं. तीन अँपिअरला बारा ग्रॅम, हे पहिल्यांदाच पातेल्यात बघत होते. पंचवीस तासांचं काम, तीन दिवस. तुम्ही मुक्कामाला राहिलात. भाजी नको, पिठलं करा म्हणालात.

दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगितलीच पाहिजे. रात्री पातेल्यात काही नव्हतं. सकाळी दिवा धरला तर तळापासून पांढरे स्फटिक उभे, तुळशीच्या मंजिरीसारखे, प्रत्येक काडीला आणखी बारीक काड्या. झाकण सरकवलं तेव्हा त्या किंचित थरथरल्या. मी चमचा तुमच्या हाती देत होते. तुम्ही हात मागं घेतलात. "तुमच्या आईची हाय. तुम्हीच पाडा." मी चमचा फिरवला आणि ओल्या साखरेत चमचा घालावा तशी कुरकुर झाली. तुम्ही हळूच "वेळ्ळी" म्हणालात. कोइमतूरनं दिलेला तो शब्द तुमच्या तोंडी अगदी आपला वाटला.

खानापूर-आटपाडीकडच्या माणसांची गोष्ट मी ऐकून होते. दुष्काळानं माणसं बाहेर काढली आणि ती मूस-भट्टी घेऊन पार केरळ-पंजाबपर्यंत पोचली. मोठ्या शहराची सराफ गल्ली आणि तिथं मराठी बोलणारा गलाईवाला नाही, असं क्वचितच. पण "लोक गेले" या दोन शब्दांत तो सोळा वर्षांचा पोरगा मावत नाही, आणि तुमच्या उजव्या अंगठ्याचा तो गुळगुळीत डागही. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलं, तुम्ही डाळिंब लावलंत, मुलाला भट्टीकडं पाठवलं नाहीत. बरं केलंत.

शेवटची आटणी तुम्ही केलीत. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू पिते आणि थिजताना तो थुंकते, हे मला पुस्तकात माहीत होतं. तुम्ही मुशीत कोळशाचा खडा टाकलात आणि ती मुकाट्यानं थिजली. आईची चांदी ३०१ ग्रॅम भरली. मूळ वजन ४१२. म्हणजे टंच ७३. बहात्तर सांगणारा तिसरा दुकानदार खरा माणूस निघाला. त्याला मी मनातल्या मनात बरंच बोलले होते, त्याची इथं माफी मागते. साठवाल्याची नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. जळका अडॅप्टर तेवढा मागून घेतलात, नातवाला दाखवायला. सहावा रुपया राणीछाप निघाला होता. तो रुमालात बांधून माझ्या देवघरात ठेवलात आणि बजावलंत, "ही राणी गाळायची न्हाय." नाही गाळत.

भावाला त्याचे दीडशे ग्रॅम पोचले. वहिनीनं वजन केलं नाही, डोळ्यांना लावले. वरच्या एका ग्रॅमवरून आमचं आता गोड भांडण चाललंय.

तुमची सांडशी माझ्याकडं राहिली आहे, मुठीला चिंधी गुंडाळलेली. ती पाठवू का, असं मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तुम्ही पाऊस काढलात. आता विचारत नाही. येत्या गुरुवारी सकाळच्या विटा गाडीनं मीच घेऊन येतेय. पिठलं चालेल.

तुमची,
सांगलीची ताई