खोक्यावर पाच तास, प्रत्यक्षात पावणेदोन: बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या टीव्हीबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: दहा इंची पोर्टेबल टीव्हीच्या खोक्यावर छापलेली अपुरी आणि चुकीची माहिती, तसेच बॅटरी बदलून न मिळणे याबाबत.

महोदय,

तुमच्या कंपनीचा बॅटरीवर चालणारा दहा इंची टीव्ही मी आठ महिन्यांपूर्वी विकत घेतला. तेव्हापासून तुमच्या ग्राहक सेवेला तीन फोन केले आणि दोन ईमेल पाठवल्या. पाचही वेळा मला अँटेना बदलून बघायला सांगण्यात आलं. अँटेनाचं जे जे करता येण्यासारखं होतं ते सगळं मी केलं आहे. दोष तिथे नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. ते फोन घेणाऱ्यांपुरतं न ठेवता, हा टीव्ही ज्यांनी बनवला आणि त्याच्या खोक्यावरचा मजकूर ज्यांनी ठरवला त्यांच्यापर्यंत पोहोचवावं, ही विनंती.

आधी हा टीव्ही कशासाठी घेतला ते सांगते. माझे वडील दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहेत. वादळात आमच्याकडची वीज गेली की चार-चार, कधी सहा-सहा तास येत नाही. अशा वेळी मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही. सगळे एकदम फोनला लागलेले असतात, आणि वीज फार वेळ गेली की मनोऱ्यांवरच्या बॅटऱ्याही उतरतात. टीव्हीच्या प्रक्षेपणाचं तसं नसतं. मनोऱ्यावरून सुटलेली लहर एका घराने पकडली काय किंवा लाख घरांनी पकडली काय, ती कोणाच्याही वाट्याला कमी येत नाही. रेडिओनेही हे काम झालं असतं, पण बाबांना ऐकू फार कमी येतं. ते बातम्यांच्या पट्टीवरची अक्षरं वाचतात, वादळाचा नकाशा बघतात आणि त्यावरून परिस्थितीचा अंदाज घेतात. त्यांच्यासाठी टीव्ही म्हणजे चित्र. आवाज असून नसून सारखाच.

बाबांकडे पूर्वी एक लहान कृष्णधवल संच होता. अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबलं आणि तो चांगला चालता संच निरुपयोगी झाला. असे संच जगभर कपाटात गेले. अमेरिकेत पूर्ण क्षमतेच्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबलं, ब्रिटनमध्ये हे काम २०१२ मध्ये पुरं झालं. त्यात कोणाची लबाडी नव्हती, काळ बदलला एवढंच. पण त्या अनुभवामुळे या वेळी मी घाई केली नाही. हा टीव्ही कोणती लहर पकडतो, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. तीन आठवडे निरनिराळ्या संचांची माहिती वाचली आणि तुमचा निवडला तो दोन गोष्टींसाठी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'डीव्हीबी-टी२', म्हणजे डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीचं नाव, लिहिलं होतं आणि त्याखाली 'बॅटरीवर ५ तासांपर्यंत'.

पहिल्याच दिवशी वाहिन्यांचा शोध लावला. २२ वाहिन्या सापडल्या, त्यांची नावं बरोबर आली. पण चित्र फक्त ९ वाहिन्यांवर. उरलेल्या १३ वाहिन्यांवर आवाज अगदी स्वच्छ आणि पडदा काळा. बाबा जी बातम्यांची वाहिनी बघतात, ती या तेरांत आहे.

आता अँटेनाबद्दल. तुमच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की काडी पूर्ण ताणून उभी करावी. आधी तसंच केलं. मग शेजारच्या छपरांवरच्या अँटेनांकडे नीट पाहिलं, तर सगळ्यांच्या दांड्या आडव्या. म्हणजे आमच्याकडच्या मनोऱ्याच्या लहरी आडव्या आहेत, तर काडीही आडवीच हवी. ती आडवी केल्याबरोबर पडद्यावरचा लहरीच्या गुणवत्तेचा आकडा शंभरपैकी ४० वरून ९० वर गेला. काडीची लांबीही दर वेळी पूर्ण ताणण्यात अर्थ नसतो. ६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी साधारण अर्धा मीटर असते आणि तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास काडी चांगलं काम करते. या दोन ओळी पुस्तिकेत असत्या तर कित्येकांचा त्रास वाचला असता. टीव्ही खिडकीशी ठेवणं, जागा बदलून बघणं, काडी फिरवणं हे ज्याचं त्याने करायचं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. लहान टीव्ही वापरायचा म्हणजे एवढं आलंच.

तरीही त्या १३ वाहिन्या काळ्याच राहिल्या. शेवटी छपरावरच्या मोठ्या अँटेनाची तार खाली आणून या टीव्हीला जोडली. गुणवत्ता १००. पडदा काळाच.

खरं तर हे तुमच्या माणसांना पहिल्याच फोनवर कळायला हवं होतं. अ‍ॅनालॉगमध्ये लहर कमी पडली की चित्रावर मुंग्या यायच्या, पण अंधुक का होईना माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये लहर पुरेशी असेपर्यंत चित्र उत्तम असतं, आणि कमी पडली की त्याचे चौकोन होतात, ते गोठतं, आवाजही तुटतो. आवाज अखंड आणि चित्र अजिबात नाही, असं कमजोर लहरीमुळे होत नाही. मी हे तिन्ही फोनवर सांगितलं. तिन्ही वेळा पलीकडून मला बाहेरचा अँटेना घ्यायला सांगितलं गेलं.

खरं कारण पुस्तिकेच्या २७ व्या पानावर, सगळ्यात बारीक अक्षरांतल्या कोष्टकात सापडलं. 'व्हिडिओ: एमपेग-२, एच.२६४'. बस, चित्र दाबून लहान करण्याच्या या दोनच रीती. डीव्हीबी-टी२ ही लहरीतून माहिती वाहून नेण्याची पद्धत आहे. त्या माहितीत चित्र कोणत्या रीतीने दाबून लहान केलं आहे, हा निराळाच प्रश्न. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये टी२ वर एचडी वाहिन्या सुरू झाल्या त्या एच.२६४ मध्ये. जर्मनीत २०१७ मध्ये टी२ आलं ते एचईव्हीसी ही चित्र दाबण्याची त्यापुढची रीत घेऊन. दोन्हींवर पाटी एकच, टी२. पण पहिल्या ठिकाणी ज्या टीव्हीवर चित्र दिसेल, त्याच टीव्हीवर दुसऱ्या ठिकाणी ते दिसेलच असं नाही. आमच्याकडच्या त्या १३ वाहिन्या एचईव्हीसीमध्ये आहेत, आणि तुमच्या टीव्हीत ते उलगडणारी चिपच नाही. एचईव्हीसीचं मानक २०१३ मध्ये ठरलं आहे, म्हणजे ही काही कालपरवाची गोष्ट नाही. 'सॉफ्टवेअर अपडेट येईल' असं दुसऱ्या ईमेलच्या उत्तरात आलं होतं. जे काम चिपने करायचं ते अपडेटने कसं होणार, हे मी तेव्हाच विचारलं. उत्तर आलं नाही.

खोक्यावर 'डीव्हीबी-टी२' लिहिणं खोटं नाही, हे मला मान्य आहे. पण टीव्ही घेणारा माणूस ते अक्षर वाचून एकच अर्थ लावतो, की माझ्याकडच्या वाहिन्या यावर दिसतील. एचईव्हीसी नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि ते तुम्ही सत्ताविसाव्या पानावर ठेवलंत.

आता बॅटरी. घेतल्यानंतर तिसऱ्या महिन्यात मोठं वादळ झालं. वीज संध्याकाळी सातला गेली. टीव्ही पूर्ण भरलेला होता. दिसणाऱ्या नऊ वाहिन्यांपैकी एकीवर तासातासाला बातम्या असतात, ती बाबांना लावून दिली आणि मी निर्धास्तपणे खालच्या मजल्यावर गेले. आठ वाजून चाळीस मिनिटांनी टीव्ही बंद पडला. बाबांना वाटलं आपल्या हातून काही दाबलं गेलं. अंधारात ते किती वेळ बटणं चाचपत होते मला माहीत नाही. मी वर गेले तेव्हा रिमोट खाली पडलेला होता आणि ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते की मी काही बिघडवलं नाही. वीज रात्री एक वाजता आली.

त्यानंतर मी मोजमाप केलं. मागच्या लेबलवर बॅटरी ७.४ व्होल्ट, १५०० मिलिअँपिअर-तास अशी आहे. गुणाकार केला की ११.१ वॉट-तास होतात. बॅटरी पूर्ण भरल्यावर अडॅप्टरच्या तारेत मीटर लावून टीव्ही चालवला. १२ व्होल्टवर ०.५४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ साडेसहा वॉट. ११.१ भागिले ६.५ म्हणजे एक तास बेचाळीस मिनिटं. त्या रात्री टीव्ही जेवढा चालला, जवळजवळ तेवढाच हिशेब. मग पडद्याचा उजेड अगदी कमी केला, स्पीकर बंद करून हेडफोन लावला. तरी चार वॉटच्या वरच, म्हणजे फार तर पावणेतीन तास. पाच तास हवे तर टीव्हीने सरासरी सव्वादोन वॉटमध्ये चालायला हवं, आणि मी केलेल्या कुठल्याही मोजणीत तो त्याच्या जवळपासही आला नाही. तुमच्या प्रतिनिधीने शेवटी फोनवर मान्य केलं की पाच तास हा आकडा पडदा बंद ठेवून कार्डावरची गाणी वाजवतानाचा आहे. टीव्हीच्या खोक्यावर, टीव्हीच्या चित्राखाली तो छापण्याआधी कोणीतरी हरकत घ्यायला हवी होती.

बॅटरीबाबतची दुसरी गोष्ट मला जास्त लागली आहे. पुस्तिकेत लिहिलं आहे, 'संच कायम चार्जरला जोडून ठेवा, म्हणजे गरजेला तयार राहील.' मी ते अक्षरशः पाळलं. लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि वर गरम ठेवली की ती लवकर म्हातारी होते. बराच काळ ठेवून द्यायची असेल तर साधारण अर्धी भरून, थंड जागी ठेवावी. चार्जरला लावलेला असताना या टीव्हीची पाठ हाताला चांगलीच गरम लागते. आज आठ महिन्यांनी पूर्ण भरलेली बॅटरी ५५ मिनिटं चालते. तुमच्याच सूचनेने ती खराब झाली आहे. नवी मागितली तर ती सुटी मिळत नाही, कारण ती आत चिकटवलेली आहे. याआधीच्या पिढीतल्या लहान टीव्हींना साधे सेल घालता यायचे, सेलचा दुसरा जोड हाताशी ठेवला की काम व्हायचं. संकटकाळासाठी म्हणून विकलेल्या वस्तूची बॅटरी चार स्क्रू काढून बदलता येऊ नये, हे मला अजिबात पटत नाही.

यूएसबीबद्दल थोडक्यात. बाजूला खाच आहे म्हणून मी पॉवर बँक घेतली. ती खाच फक्त पेनड्राइव्हसाठी आहे, तिथून बॅटरी भरत नाही. टीव्हीला १२ व्होल्ट लागतात, साधी पॉवर बँक ५ देते. खाचेशेजारी दोन शब्द छापले असते तर माझा खर्च वाचला असता. खोक्यावर चित्राच्या बारकाईबद्दल लिहिलेलं '१०८०पी' हेही फक्त पेनड्राइव्हवरच्या फायलींपुरतं आहे, पडद्याचे ठिपके १०२४ गुणिले ६०० एवढेच आहेत. दहा इंचांवर मला ते पुरतात, म्हणून त्याबद्दल भांडत नाही, पण तेही सरळ लिहायला हवं.

या टीव्हीत चांगलं काही नाही असं नाही. आवाज आकाराच्या मानाने भरदार आहे, मागचा टेकू भक्कम आहे, बटणं बाबांच्या बोटांना सापडतात. मला हा टीव्ही आवडला असता.

माझ्या मागण्या अशा. टीव्हीची पूर्ण किंमत मला परत मिळावी. दुरुस्ती किंवा याच प्रकारचा दुसरा संच नको, कारण त्यावरही त्या १३ वाहिन्या दिसणार नाहीत. टीव्ही परत पाठवण्याचा खर्च तुम्ही करावा. एचईव्हीसी चालत नाही हे खोक्यावर, डीव्हीबी-टी२ च्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं. बॅटरीचे तास पडदा चालू असताना, नेहमीच्या उजेडावर मोजलेले असावेत आणि तिची क्षमता वॉट-तासांत बाहेर लिहावी. पुस्तिकेतली कायम चार्जरला जोडून ठेवण्याची सूचना काढून टाकावी आणि ज्यांनी हा टीव्ही आधीच घेतला आहे त्यांना तसं कळवावं. ही शेवटची गोष्ट माझ्या पैशांइतकीच तातडीची आहे. माझ्यासारख्या कितीतरी घरांत हा टीव्ही या क्षणी चार्जरला लावलेला असेल, आणि तो पाच तास चालेल असं त्यांनी धरलेलं असेल.

बिलाची प्रत, काळ्या पडद्याचे आणि त्याच वेळच्या गुणवत्तेच्या आकड्याचे फोटो, मीटरच्या नोंदी आणि माझ्या दोन ईमेलना तुमच्याकडून आलेली उत्तरं सोबत जोडली आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. ते आलं नाही तर हीच कागदपत्रं घेऊन मी ग्राहक तक्रार निवारणाकडे जाईन. कृपया फोन करू नये. जे सांगायचं ते लिहून कळवावं. वादळाचे दिवस पुन्हा जवळ आले आहेत आणि बाबांसाठी मला त्याआधी दुसरा टीव्ही घ्यायचा आहे.

आपली,
एक ग्राहक