पाणी हवेतून कमी, झाकणातून जास्त

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की पेट्रोल भरून निघालेल्या गाड्या पुढच्याच चौकात बंद पडल्याच्या बातम्या येतात. हल्ली त्यावर एकच उत्तर ऐकू येतं : ‘पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, मग हे होणारच.’ माझी सारी नोकरी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत गेली. त्यामुळे राहवलं नाही.

इथेनॉल पाणी ओढतं, हे खरं. पण जरा हिशेब करू. पावसाळ्यातल्या एक घनमीटर दमट हवेत पाण्याची वाफ असते साधारण २५ ग्रॅम. पंपाची जमिनीखालची २० हजार लिटरची टाकी पूर्ण रिकामी झाली तर तिच्यात २० घनमीटर हवा शिरेल, म्हणजे पाणी अर्धा लिटर. याउलट टँकर जिथं रिकामा होतो, तो जमिनीलगतचा खड्डा एकदा तुंबला आणि झाकणाचं रबर कुजलेलं असलं, तर एका रात्रीत बादल्यांनी पाणी आत जातं.

कारखान्यात हे मी स्वतः अनुभवलंय. साध्या ऊर्ध्वपातनानं स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, ९५-९६ टक्क्यांच्या पुढं जात नाही. उरलेलं पाणी मॉलिक्युलर सिव्हमधून, म्हणजे पाणी शोषणाऱ्या बारीक छिद्रांच्या दाण्यांमधून, काढावं लागतं, तेव्हा कुठं ते साडेनव्व्याण्णवच्या वर जातं आणि पेट्रोलमध्ये मिसळायच्या लायकीचं होतं. या इथेनॉलच्या टाकीत हवा ये-जा करते त्या श्वासनळीवर आम्ही ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची बरणी बसवलेली होती. तिच्यातले निळे दाणे गुलाबी झाले की काढून भाजायचे, ही माझी रोजची ड्यूटी. दाण्यांना मी पोरांसारखं जपायचो. एका आषाढात मात्र आमच्याकडून पास होऊन गेलेला टँकर तेल कंपनीच्या डेपोनं पाणी जास्त म्हणून परत पाठवला. दाणे तर निळेशार! शेवटी टाकीवर चढलो. वरचा पत्रा बसून मॅनहोलभोवती परातीएवढा खळगा झालेला, त्यात पाणी साचलेलं आणि झाकणाच्या बोल्टांपैकी तीन गायब. कुणीतरी फटीत चिंधी कोंबून ठेवली होती. मी महिनाभर दाणे भाजत होतो आणि पाणी चिंधीतून झिरपत होतं.

पंपावर धोका आणखी वेगळा आहे. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं तर ते मुकाट तळाशी बसायचं. इथेनॉलमिश्रित पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं. १० टक्के मिश्रणात ही मर्यादा साधारण अर्धा टक्का, २० टक्क्यांत त्याहून थोडी जास्त. तोवर बाहेरून काहीच कळत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं. गारवा वाढला की ही मर्यादा आणखी खाली येते. पंपाचा ओढ-पाइप तळापासून काही इंचांवरच असतो. तळातला थर तिथवर चढला की पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत तोच जातो. त्यातही गंमत अशी, की टाकीत बुडवायच्या दांड्याला लावतात ती पाणी ओळखायची जुनी पेस्ट या इथेनॉल-पाण्याच्या थरात नीट रंग बदलत नाही. दांडा कोरा निघतो आणि सगळं आलबेल वाटतं. इथेनॉलसाठी वेगळी पेस्ट मिळते. तिची किंमत एका गाडीच्या दुरुस्तीपुढे काहीच नाही.

२० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट सरकारनं २०३० वरून २०२५ वर आणलं. इतकी घाई करता आली, तर मृगाआधी प्रत्येक पंपाच्या टाकीची झाकणं, रबरं आणि खड्ड्यांचा निचरा तपासणं तेल कंपन्यांना जड जाऊ नये. खड्ड्याची कड जमिनीपेक्षा वीतभर उंच बांधली तरी निम्मं काम होईल. आणि पावसाळ्यात रोज सकाळी इथेनॉलच्या पेस्टनं घेतलेलं पाण्याचं माप, घनतेचा आकडा लावतात तसं, गिऱ्हाइकाला दिसेल असं फळ्यावर लिहावं.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट, कराड