माकड कोणतं, खार कोणती?

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

पिग्मी मार्मोसेट हे जगातलं सर्वांत लहान माकड. मोठं झाल्यावरही वजन जेमतेम 100 ते 120 ग्रॅम. पिग्मी खार तर त्याच्या निम्म्याहूनही कमी, 30 ते 48 ग्रॅम. पेरूच्या ॲमेझॉन भागात दोघंही सापडतात, दिवसा वावरतात आणि खोडाला बिलगून चढतात. त्यामुळे फोटोत आकारावरून फसायला होतं.

नखांवरूनही ओळखू नकोस. माकडाची नखं चपटी असतात असं आपण शिकतो, पण मार्मोसेटला चपटं नख फक्त पायाच्या अंगठ्याला असतं. बाकीची बाकदार आणि टोकदार. इतक्या चिमुकल्या हातांच्या कवेत जाड खोड मावत नाही, म्हणून नखं सालीत रुतवूनच चढावं लागतं. त्यापेक्षा पुढच्या पंजाची बोटं मोज: माकडाला पाच, खारीला चार. खारीचा अंगठा नुसता खुंट असतो. शिवाय माकडाचे डोळे समोर, खारीचे बाजूला.

खरा फरक तोंडात आहे. खारीला वर दोन, खाली दोन पटाशीचे दात. सुळे नाहीतच, त्या जागी मोकळी फट. हे दात जन्मभर वाढतात आणि एकमेकांवर घासून झिजतात. एक तुटला की समोरचा बेसुमार वाढतो आणि खाणंच बंद पडतं. मार्मोसेटचे दात असे वाढत नाहीत. त्याचे खालचे पटाशीचे दात जवळजवळ सुळ्यांइतके लांब असतात. आतल्या बाजूला एनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, नसल्यासारखंच, म्हणून धार छिन्नीसारखी राहते. वरचे दात सालीत रोवून ते खालच्या दातांनी भोक पाडतं, डिंक पाझरू देतं आणि पुन्हा येऊन चाटतं. डिंक सहजी पचत नाही. आतड्यातले जिवाणू तो आंबवतात. झाड आटलं की कळप दुसरं झाड गाठतो. पण नुसती सोललेली साल दिसली म्हणून माकड समजू नकोस, कारण पिग्मी खारही साल खरवडून खाते.

पाठीवर पिल्लू असेल तर मात्र माकडच. बहुधा जुळी होतात आणि त्यांना वाहून नेण्याचं काम बाप व मोठी भावंडं करतात.

बोटाला बिलगलेल्या मार्मोसेटचे व्हिडिओ बघून ‘आपण पाळूया का?’ असं तू विचारलंस. नाही. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या माकडांना डी3 जीवनसत्त्व भरपूर लागतं. घरात थेट ऊन अंगावर पडत नाही, काचेतून आलेलं उपयोगी नसतं आणि फळं-बिस्किटांतून डी3 मिळत नाही. मग हाडं मऊ पडतात, वाकतात, साध्या उडीनेही मोडतात. कळपाशिवाय एकटं ठेवणं हा वेगळाच छळ. ते व्हिडिओ पुढे पाठवू नकोस. मागणी वाढली की जंगलातली पिल्लं पकडली जातात.

तुझी,
आई